तहान असेल तरच

शेजारच्या आजी पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायच्या, दोन सेकंदांचं काम, आणि मग पाणी प्यायच्या. पण त्याच आजी रात्री जेवणानंतर बीपीची गोळी घ्यायच्या तेव्हा तोच पेला, तेच माठातलं पाणी, आणि पुटपुटणं मात्र नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन, दिवसभर त्यांच्या ओटीवर पडीक, आणि त्या वयात असल्या गोष्टी बरोब्बर दिसतात. एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "अगं, गोळी उतरावी म्हणून घेतलं ना ते, तहान कुठे होती? तहान असेल तरच त्याचं नाव घ्यायचं."

आजी बेने इस्राएल. अलिबागकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, हे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढे वाचले, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, आणि उरलेले गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. म्हणजे या समाजाची कोकणातली गोष्टच मुळी पाण्यापासून सुरू होते, तेही बुडवणाऱ्या पाण्यापासून.

तर ते तहानेचं. खूप वर्षांनी मी ह्या विषयावर मिळेल ते वाचायला लागले तेव्हा मिश्नामध्ये (ज्यू कायद्याचा जुना संग्रह, साधारण इ.स. २०० च्या सुमाराचा) ते वाक्यच सापडलं, की जो आपल्या तहानेसाठी पाणी पितो त्याने म्हणावं, 'ज्याच्या शब्दाने सगळं झालं'. 'तहानेसाठी' हा शब्द तिथे मुद्दाम आहे. तालमूदमधले (मिश्नावर पुढे झालेल्या चर्चांचा ग्रंथ) पंडित पुढे विचारतातच की हा शब्द कशाला घातला, आणि उत्तर येतं, घशात मांसाचा तुकडा अडकला म्हणून जो पाणी पितो त्याला वगळायला. मी ते वाचून पुस्तक मिटून बसून राहिले. एवढा जुना नियम, तो अलिबागच्या इस्राएल आळीत बीपीच्या गोळीपर्यंत आला होता आणि आजींनी तो एका वाक्यात मला सांगूनही टाकला होता.

आता दुसरी आठवण. ऑक्टोबर महिना. दरफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर होऊन गेला की बारा दिवसांनी त्यांचा आणखी एक सण येतो, शेमिनी अत्सेरेत, आणि त्या दिवशी सिनेगॉगमध्ये पावसाची प्रार्थना होते. आजी नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन मागेन आबोथमध्ये जायला निघाल्या होत्या आणि माझे बाबा अंगणात उभे राहून आकाशाकडे बघत होते, कारण आमचं भात कापून शेतात आडवं पडलेलं आणि दक्षिणेकडे काळं दाटून आलेलं. ज्याच्या घरी भातशेती आहे त्याला माहितीय त्या वेळचा पाऊस म्हणजे काय असतो, कापलेल्या भाताला मोड येतात. आणि मी आजींना ओरडून विचारलं, "आजी, आज पाऊस मागू नका ना!" आजी थांबल्या. आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इथला नाही मागत गं. तिथला मागते."

त्या तेव्हा कधीही तिथे गेलेल्या नव्हत्या. 'तिथे' म्हणजे नेमकं कुठे, हेही मला कळलं नव्हतं.

तिथे म्हणजे इस्राएलमध्ये. तिथे पाऊस असतो तोच मुळी हिवाळ्यात. ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो, मार्च-एप्रिलला संपतो, मग उन्हाळाभर थेंब नाही. पहिल्या पावसाला 'योरे' म्हणतात, शेवटच्या पावसाला 'मालकोश', जसं आपल्याकडे मृगाचा वेगळा आणि हस्ताचा वेगळा. आणि हे नुसतं हवामान नाहीये, त्यांच्या धर्माचा कणाच आहे तो. तोरामध्ये (त्यांचा मूळ धर्मग्रंथ) मोशे लोकांना नव्या देशात शिरायच्या आधी बजावून सांगतो, की तुम्ही जिथून आलात त्या मिसरसारखा (म्हणजे इजिप्तसारखा) हा देश नाही, तिथे तुम्ही बी पेरायचात आणि भाजीच्या वाफ्यासारखं पायाने पाणी द्यायचात. पायाने! आपल्या शेतकऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही, पाटाला पाणी आलंय, पायाने माती सारून एका वाफ्याचं दारं मोडायचं, दुसऱ्याचं लावायचं, दारं धरणं म्हणतो आपण त्याला. नाईल नदी उशाशी, कुणापुढे हात पसरायला नको. पण हा नवा देश डोंगरदऱ्यांचा, तो आभाळातून पडेल तेच पाणी पितो. म्हणजे ज्या देशाचं वचन मिळालं, ज्याच्यासाठी चाळीस वर्षं वाळवंट तुडवलं, तिथली खासियत काय, तर तिथे पाणी तुमच्या पायाशी नसणार, दरवर्षी मान वर करून मागावं लागणार. मला हे फार विलक्षण वाटतं. आपण सुपीक जमीन म्हणजे पाण्याजवळची असं धरतो. इथे देव त्यांना पाण्यापासून उचलून मागण्याजवळ नेऊन ठेवतो.

आणि त्याच्या पुढचाच मजकूर, की ऐकलंत तर वेळच्या वेळी पाऊस देईन, योरे आणि मालकोश, नाही ऐकलंत तर आभाळ बंद होईल, तो उतारा हाताने लिहून, गुंडाळून, छोट्या नळीत घालून दाराच्या चौकटीला लावतात. मेझुझा. आजींच्या दारालाही होती, उजव्या हाताला, जरा तिरपी, आत-बाहेर करताना त्या बोटं लावून ओठांना लावायच्या. आता विचार करते तेव्हा ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही, बाहेर जुलैचा पाऊस, पागोळ्या नुसत्या धो धो, ओटीपर्यंत पाणी उडतंय, आणि चौकटीवरच्या त्या एवढ्याशा नळीत लिहिलेलं, आभाळ बंद होईल आणि पाऊस पडणार नाही.

हिब्रूत पाणी म्हणजे 'माईम', आणि त्याला एकवचन नाहीच, पाणी नेहमी अनेकवचनीच. आकाश म्हणजे 'शामाईम', त्यातही माईम ऐकू येतंच. राशी म्हणून अकराव्या शतकातले फ्रान्समधले फार मोठे भाष्यकार, ते ह्या शब्दाची फोड करून दाखवतात, 'तिथे पाणी', किंवा मग 'आग आणि पाणी'. जगाच्या सुरुवातीच्या गोष्टीत उजेडाच्याही आधी पाणी आहे, अंधार आणि खोल पाणी आणि त्यावर घिरट्या घालणारा देवाचा श्वास. दुसऱ्या दिवशी देव पाण्याचे दोन भाग करतो, वरचं आणि खालचं. आणि नीट वाचलं तर लक्षात येतं, की इतर दिवसांना असतं तसं 'आणि देवाने पाहिलं की हे चांगलं आहे' हे वाक्य त्या दुसऱ्या दिवसाला नाहीये. गाळलंय. जुने लोक सांगतात की पाण्याचं काम अर्धवट होतं, तिसऱ्या दिवशी पुरं झालं, मग तिसऱ्याला दोनदा म्हटलं. पण दुसरी एक समजूत आहे ती मला जास्त जवळची, की वेगळं केल्यावर खालचं पाणी रडलं. आम्हालाही वर, तुझ्याजवळ राहायचंय म्हणून रडलं. मग देवाने त्याची समजूत काढली, की तूही माझ्या वेदीवर येशील, मिठाच्या रूपाने आणि सणाच्या दिवशी ओतलेल्या पाण्याच्या रूपाने. शुक्रवारी रात्री आजी भाकरीचा तुकडा मिठात बुडवायच्या ते मी शेकडो वेळा पाहिलंय. त्या मिठामागे रडणारा समुद्र आहे हे कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते.

ह्या ग्रंथांमधल्या विहिरींबद्दल तर किती बोलू. लग्नं विहिरीवर जमतात, रिबकाचं तिथेच ठरतं (परक्या माणसाच्या दहा उंटांना पुरेल इतकं पाणी त्या पोरीने शेंदलं, तहानलेला उंट किती पितो हे बघितलेल्यालाच त्याची किंमत), याकोबाला राहेल विहिरीवर भेटते, मोशेही पळून जातो तो थेट मिद्यानमधल्या विहिरीवर जाऊन टेकतो. हागारची गोष्ट वाचताना अजून गळा दाटतो, घराबाहेर काढलेली बाई, कातडी पखालीतलं पाणी संपलंय, पोराला झुडपाखाली ठेवून ती लांब जाऊन बसते कारण त्याला मरताना बघवणार नाही. मग लिहिलंय की देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. नवी विहीर निर्माण केली असं तिथे म्हटलेलं नाही, डोळे उघडले एवढंच.

पण मला सगळ्यात लागते ती इसहाकाची गोष्ट. अब्राहामाने खणलेल्या विहिरी त्याच्या मागे पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या. विहीर बुजवणं! स्वतःलाही पाणी नको पण दुसऱ्याला मिळता कामा नये. इसहाक त्या परत उपसतो, बापाने दिलेलीच नावं त्यांना ठेवतो. मग त्याची माणसं ओढ्यात खणतात, जिवंत झरा लागतो, लगेच गरारचे गुराखी येतात, म्हणतात, "लानू हामाईम", पाणी आमचं. तो विहीर सोडतो, तिचं नाव ठेवतो एसेक, म्हणजे तंटा. दुसरी खणतो, पुन्हा तेच, नाव सितना, वैर. तिसरी खणतो, तिथे कुणी येत नाही, तिला म्हणतो रेहोवोत, ऐसपैस जागा. रेहोवोत नावाचं एक शहर आज त्या देशात आहे, १८९० मध्ये वसवलेलं. आणि 'पाणी आमचं' हे वाक्यही तिथे आजपर्यंत संपलेलं नाहीये, त्या एवढ्याशा भूमीत झरे कुणाचे आणि जमिनीखालचं पाणी कुणाचं ह्यावर दोन समाज अजून भांडताहेत आणि ज्यांच्या नळाला पाणी येत नाही ती माणसं खरी आहेत. एवढं मोठं दुःख मी इथे एका वाक्यात मांडतेय ह्याची मला जाणीव आहे, पण ते न लिहिता पुढे जाणं मला जमलं नसतं.

मोशेचं नावच पाण्यावरून, पाण्यातून काढला म्हणून मोशे. पुढे नाईलचं पाणी रक्त होतं तेव्हा त्या पाण्यावर काठी मारतो तो त्याचा भाऊ आरोन, मोशे नाही. का? तर राशी सांगतात, तान्हा असताना ह्याच नदीने मोशेला सांभाळलं होतं, म्हणून तिच्यावर त्याच्या हातून घाव नको. खाल्ल्या मिठाला जागणं आपण म्हणतो, इथे तरंगवणाऱ्या पाण्यालाही जागायचंय. आणि समुद्र दुभंगून हे लोक पार होतात, मागे मिसरचं सैन्य बुडतं, तेव्हा देवदूत गायला निघतात तर तालमूद म्हणतो की देवाने त्यांना गप्प केलं, माझ्या हातची माणसं समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाणी म्हणता?

समुद्र ओलांडल्यावर तीन दिवस पाणी नाही, आणि मिळतं ते मारा नावाच्या जागी, कडू. ह्या तीन दिवसांवरून एक नियम निघाला. पंडित म्हणाले, पाणी म्हणजे तोराच, आणि माणूस पाण्यावाचून तीन दिवस गेला की गळून जातो, म्हणून तोराचं जाहीर वाचन तीन दिवस कधी चुकू द्यायचं नाही. म्हणून शनिवारी, सोमवारी आणि गुरुवारी वाचतात. आजही. कॅलेंडरवर तहान मोजून वार ठरवलेत, ह्याच्यापुढे मी काय बोलू.

आता तो पाणी ओतायचा सण. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं (रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं, त्याच्या आधी) तेव्हा सुक्कोतच्या (मांडवांच्या सणाच्या) आठवड्यात रोज सकाळी सोन्याची एक सुरई घेऊन खाली शिलोआहच्या कुंडावर जायचे, पाणी भरायचे, पाणीवेशीतून वाजत-गाजत आणायचे आणि वेदीवर ओतायचे. एरवी वेदीवर द्राक्षारस, आणि ह्या सात दिवसांत शेजारी साधं पाणी. वेदीवर चांदीची दोन भांडी, दोघांना खाली तोट्यांसारखी भोकं, पाण्याचं बारीक, द्राक्षारसाचं जरा मोठं, कारण द्राक्षारस दाट, हळू उतरतो, आणि दोन्ही एकाच वेळी संपायला हवीत. कुणीतरी बसून हे भोकाचं माप काढलं असेल ना! एका वर्षी ओतणाऱ्याने ते पाणी वेदीवर न घालता स्वतःच्या पायांवर ओतलं, लोकांनी त्याच्यावर हातातली महाळुंगासारखी फळं फेकून मारली, तेव्हापासून ओतणाऱ्याला सांगायचे, हात वर कर, सगळ्यांना दिसू दे. आणि रात्री जो जल्लोष व्हायचा त्याबद्दल मिश्नात लिहिलंय की ज्याने पाणी शेंदण्याचा हा आनंद बघितला नाही त्याने आयुष्यात आनंदच बघितला नाही. पुरोहितांच्या जुन्या फाटक्या विजारी आणि कंबरपट्टे फाडून त्यांच्या वाती करायचे, उंच उंच दीप, त्या उजेडात बाईने गहू निवडावेत इतकं लख्ख. शहाणीसुरती म्हातारी माणसं मशाली घेऊन नाचायची, रब्बान शिमोन बेन गमलिएल तर आठ मशाली एकदम उडवून झेलायचे म्हणे. हे सगळं कशासाठी, एका सुरईभर पाण्यासाठी, जे आपणच खालून आणलंय आणि आपणच ओतून टाकणार आहोत. पाऊस पडायच्या आधी, हातात आहे तेवढं आधी देऊन टाकायचं.

त्या सुरईतलं पाणी यायचं कुठून तेही सांगते, कारण ती जागा अजून आहे. गिहोन नावाचा झरा शहराच्या तटाबाहेर. अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब चालून येणार (इ.स.पू. ७०१) म्हणून राजा हिज्कीयाने खडकातून बोगदा खणून ते पाणी तटाच्या आत नेलं, ५३३ मीटर, नागमोडी, दोन्ही टोकांकडून एकदम खणत आले. १८८० मध्ये बोगद्याच्या भिंतीवर एक लेख सापडला, त्यात राजाचं नावसुद्धा नाही, खणणाऱ्या माणसांची गोष्ट आहे. तीन हात खडक उरला होता तेव्हा पलीकडून एक माणूस आपल्या सोबत्याला हाक मारताना ऐकू आला, मग कुदळीवर कुदळ, आणि पाणी झऱ्याकडून कुंडाकडे वाहिलं. आपल्याकडे विहीर खणताना पाणी लागतं तेव्हा खाली उतरलेला माणूस जसा ओरडतो, ती आरोळी मी ऐकलीय लहानपणी. ती ज्याने ऐकलीय त्याला हा लेख परका वाटणार नाही.

मिक्वेबद्दल खूप चुकीचं लिहिलं जातं म्हणून जरा थांबते. मिक्वे म्हणजे डुबकी मारायचं कुंड, बायका पाळीनंतर ठरावीक दिवसांनी जातात, धर्मात नव्याने येणारे जातात, नवी भांडीसुद्धा बुडवून आणतात. लोकांना वाटतं अंघोळ. पण अंघोळ तर आधी घरीच करून जायची असते, नखं कापून, केस विंचरून, अंगठी-कानातलं काढून, नेलपेंट पुसून, पाणी आणि अंग ह्यांच्यामध्ये काही म्हणजे काही राहता कामा नये. स्वच्छ झालेल्यानेच तिथे जायचं. आणि पाण्याची अट बघा, ४० सआ (सआ हे जुनं माप) एवढं पाणी लागतं आणि ते हंड्या-बादलीने भरलेलं चालत नाही. झरा किंवा आपसूक साठलेलं पावसाचं. नळाचं पाणी वापरायचं असेल तर शेजारी पावसाच्या पाण्याचं टाकं ठेवतात आणि मधल्या भोकातून दोन्ही पाणी एकमेकांना टेकवतात, त्याला ते चुंबन म्हणतात. माणसाने उचलून आणलेलं, 'माझं' झालेलं पाणी तुम्हाला शुद्ध करत नाही. आणि 'मिक्वे' ह्या शब्दाचा हिब्रूत दुसरा अर्थ आहे आशा. यिर्मया संदेष्ट्याने दोन्ही अर्थ एकत्र आणलेत, रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) अकिवांनी त्यावरच बोट ठेवलंय.

ते अकिवा रोमन तुरुंगात होते तेव्हाची गोष्ट. त्यांचा एक शिष्य रोज मोजून पाणी घेऊन जायचा. एक दिवस पहारेकऱ्याने त्यातलं अर्धं सांडून टाकलं. उरलेलं बघून शिष्य म्हणाला, हे प्यायलाही पुरणार नाही, आणि अकिवा म्हणाले, दे, आधी हात धुतो. जेवणाआधी हात धुवायचे हा नियम. जोवर हात धुवायला पाणी मिळालं नाही तोवर त्यांनी घास घेतला नाही. खरं सांगू, मला हे पटायला फार वेळ लागला, जीव वाचवणं आधी असं मला अजूनही वाटतं. पण ज्याचं सगळं काढून घेतलंय त्याच्याकडे शेवटी घोटभर पाण्याचं काय करायचं एवढंच ठरवायचं उरतं, तेवढं त्याने स्वतः ठरवलं.

'आमचं पाणी' ह्यावरून आठवलं. वल्हांडण सणाच्या बिनखमिराच्या रोट्यांचं पीठ 'माईम शेलानू'नेच मळावं असा नियम आहे. शेलानू म्हणजे रात्रभर मुक्काम केलेलं, निवलेलं पाणी. पण शेलानू म्हणजे 'आमचं' असंही होतं. तर पापुनिया नावाच्या गावात राव मत्ना ह्यांनी हे शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव घागरी घेऊन त्यांच्या दारात, म्हणे तुमचं पाणी द्या! त्यांना सांगावं लागलं, अरे बाबांनो, रात्रभर राहिलेलं म्हणालो मी. तालमूदमध्ये हे जसंच्या तसं नोंदवून ठेवलंय, सोळाशे वर्षं लोक वाचताहेत.

पावसाच्या मागण्याचंही असंच बारकाईने ठरलेलं. सुक्कोतमध्ये पाऊस मागत नाहीत कारण तेव्हा झावळ्यांच्या मांडवात राहायचं असतं. मिश्ना म्हणते, तेव्हा पाऊस पडला तर ते असं, की चाकर धन्याला पेला भरून द्यायला आला आणि धन्याने तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. सण संपल्यावरही 'पाऊस दे' असं सरळ मागणं पंधरा दिवस लांबवतात, का, तर यात्रेला आलेला शेवटचा माणूस फरात नदीपर्यंत भिजल्याशिवाय घरी पोचावा. शेतं तहानलेली आहेत आणि अख्खा देश एका वाटसरूसाठी थांबलाय. इस्राएलच्या बाहेरचे ज्यू अजून नंतर मागतात, ४ किंवा ५ डिसेंबरच्या संध्याकाळपासून, आणि म्हणून कोकणातले बेने इस्राएल भर थंडीत, आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांत, पाऊस मागत राहिले.

मग आपल्या आषाढाचं काय? हा प्रश्न माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं होता आणि तो कुणीतरी आधीच विचारून ठेवलेला निघाला. निनवे नावाच्या शहरातल्या लोकांनी मिश्ना संकलित करणाऱ्या रब्बी येहूदा हनासींना निरोप पाठवला, की आम्हाला तर तम्मुझ महिन्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करावं? तम्मुझ म्हणजे आपला साधारण आषाढच! उत्तर आलं, सगळ्यांच्या प्रार्थनेत घालू नका, प्रत्येकाने आपापलं मागावं, 'प्रार्थना ऐकणारा' ह्या आशीर्वादात.

आणि होनी. सगळ्यांचा लाडका होनी. दुष्काळ पडलेला, लोक म्हणाले पाऊस माग, तो म्हणाला वल्हांडणाच्या मातीच्या भट्ट्या आधी घरात घ्या, भिजून विरघळतील. इतका विश्वास. मागितला, पडला नाही. मग जमिनीवर रिंगण काढून आत उभा राहिला, म्हणाला तू दया करेपर्यंत हलणार नाही. थेंब थेंब पडला, म्हणाला असा नव्हता मागितला, टाकी आणि खंदक भरतील असा. मग कोसळायलाच लागला, म्हणाला असाही नको, आशीर्वादाचा दे. मग नीट पडला, आणि इतका पडत राहिला की लोक मंदिराच्या टेकडीवर चढले आणि म्हणाले आता थांबव. होनी तयार होईना. कारण नियमच आहे, दुष्काळासाठी शिंग फुंकायचं, टोळधाडीसाठी फुंकायचं, पण पाऊस जास्त झाला म्हणून फुंकायचं नाही. चांगली गोष्ट जास्त झाली म्हणून कोण तक्रार करतं.

पण ह्याला एक अपवाद आहे. परदेशात राहणाऱ्यांनी फुंकावं, सखल मुलखातल्यांनी. आणि त्याच पानावर एक ओळ आहे. ज्या वर्षी पाऊस फार होई त्या वर्षी मंदिरातले पाळीचे पुरोहित प्रार्थना करणाऱ्यांना निरोप धाडत: आपल्या परदेशातल्या भावांवर तुमची नजर असू द्या, त्यांची घरं त्यांच्या कबरी होऊ नयेत.

आजी मी दहावीत असताना मुलाकडे गेल्या, दिमोनाला, नेगेव वाळवंटात. जाताना सिनेगॉग झालं, अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातला नव्हे) एलियाहू हनावीच्या खडकावर जाऊन आल्या, मलिदा केला, पोहे-गूळ-खोबरं-वेलची, आमच्या घरी डबाभर. एलिया म्हणजे ज्याच्या शब्दाने दुष्काळ पडला आणि मग ज्याच्या चाकराला सातव्या खेपेला समुद्रातून वर येणारा, तळहाताएवढा ढग दिसला, तोच. कोकणातल्यांना हाच संदेष्टा सगळ्यात जवळचा वाटावा ह्यात मला काही आश्चर्य वाटत नाही, ढग समुद्रातून येतो हे आम्हाला जन्मापासून माहीत असतं.

२००५ च्या जुलैत रायगडात जे झालं ते विसरणं शक्य नाही. महाड तालुक्यात जुई, दासगाव, डोंगर खाली आला आणि घरं आतल्या माणसांसकट गाडली गेली. आमच्याकडे वीज नाही, फोन मुके, पाणी ओटीच्या दुसऱ्या पायरीला लागलेलं. पाच-सहा दिवसांनी फोन सुरू झाला आणि पहिला जो वाजला तो दिमोनाहून. लाइनवर खरखर, मध्येच आवाज जायचा. आजींनी कशी आहेस विचारलंच नाही, म्हणाल्या, "घर उभं आहे ना गं? दोन्ही घरं?" म्हटलं, आहेत आजी, आमचंही आणि तुमचंही. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग त्या म्हणाल्या की पाच दिवस रोज सकाळी मागत होते, इथे एप्रिलपासून थेंब नाही आणि मी बसलेय आता पुरे म्हणत.

मी विचारलं, "इथला ना, आजी?"

"हो गं. इथला नाही, तिथला," म्हणाल्या, आणि लाइन कट झाली.